मनीच्या तोंडाला वास येतोय? बांगड्यावर ढकलू नका
आमच्या मालवणात मांजराच्या तोंडाला वास आला की म्हणतात बांगडा खाल्लान असेल, मलाही तेच वाटायचं, पण मनी बांगड्याचं डोकं एकाच बाजूने चावायची, मध्येच टाकून पंजाने गाल घासत बसायची, शेवटी ओठ वर करून बघितलं तर दाढेवर तपकिरी कीटण आणि हिरडीची कड लालभडक. जीव कळवळला हो. मांजरं दुखणं लपवतात. डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ केले, एक दाढ काढावीच लागली. आता रोज रात्री बोटाला मऊ कापड गुंडाळून प्राण्यांची पेस्ट लावते, चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो म्हणून रोजच. आपली पेस्ट नको, काहींमध्ये झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं, घरात कुत्रा असेल तर त्याला ते विषारी. आणि कुत्र्याला मटणाची नळी चघळायला देऊ नका, दात तुटतो.