तीन आठवड्यांचा पिंजरा

वेल्डिंगवाला "तीन आठवडे" म्हणाला तर त्याला आधी कॅलेंडरवर बोट ठेवायला लावा. आमच्या रेसच्या गाडीच्या पिंजऱ्याचे तीन आठवडे ऑक्टोबरात सुरू झाले आणि मार्चमध्ये संपले.

गाडी म्हणजे १९९१ची माझदा मिआटा. दोन सीटची, उघड्या टपाची, १.६ लिटर इंजिन, नवी असताना ११६ हॉर्सपॉवर. कापडी टप फाटलेला आणि दारांखालचा पत्रा मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठाने खाल्लेला, म्हणून ४०० डॉलरला मिळाली. आम्ही चौघे डेट्रॉइटच्या आसपास राहणारे, मंडळाच्या गणपतीत मखर उभारताना ओळख झालेले. उतरायचं होतं '२४ अवर्स ऑफ लेमन्स'मध्ये. फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीची नावापासून टिंगल करणारी (लेमन म्हणजे भंगार गाडी) ही हौशी लोकांची रेस. गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी, पण रोल केज (म्हणजेच पिंजरा), सीट, पट्टे, ब्रेक, चाकं हा सुरक्षेचा खर्च त्यात धरत नाहीत. आमचे पैसे बुडाले ते या न धरलेल्या खात्यात.

गाडी सोलायला दोन रविवार लागले. गालिचे, डॅशबोर्डखालचा पसारा, एसीच्या नळ्या सगळं निघालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. हो, जुनी मिआटा घेताना एक बघा: क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीला चार खाचा असतील तर तो सुरुवातीचा आखूड नाकाचा, कमजोर क्रँक. आठ असतील तर निर्धास्त घ्या. आमच्या पुलीला आठ होत्या आणि त्या मोजल्यावर आमच्यातल्या डॉक्टरने पेढे आणले होते.

मग पिंजरा. रोल केज म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइपांचा सांगाडा. आमच्या वजनाच्या गाडीला दीड इंच व्यासाचा, ०.०९५ इंच जाडीचा डीओएम, म्हणजे दट्ट्यावरून ओढून मजबूत केलेला, पाइप लागतो. साधा शिवणीचा पाइप चालत नाही. आमच्यातला कोल्हापूरकर वडिलांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये वाढलेला. तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "मी करतो की." त्यावर मीच म्हणालो, "अरे, केज म्हणजे खिडकीची ग्रिल नव्हे." या वाक्याची मला अजून आठवण करून दिली जाते.

म्हणून गाडी घरापासून चाळीस मिनिटांवरच्या वर्कशॉपमध्ये गेली. निम्मे पैसे आधी घेतले. पहिल्या आठवड्यात पाइप वाकवायच्या मशीनची डाय तुटली. ठीक आहे. १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला आणि वेल्डर जंगलात गेला. मिशिगनमध्ये या कारणावर कुणी वाद घालत नाही. मग थँक्सगिव्हिंग, मग ख्रिसमस, मग बर्फ. जानेवारीत मी न सांगता जाऊन थडकलो. आमची गाडी मागच्या कोपऱ्यात. बॉनेटवर कुणाच्या तरी एक्झॉस्टचा खोका, खोक्यावर कॉफीचा कागदी पेला आणि पेल्यातल्या उरलेल्या कॉफीवर बुरशीची साय. आत एकही पाइप नाही. मालक शांतपणे म्हणाला, "नेक्स्ट वीक." घरी येताना गाडीत मी एकटाच मराठीत जे काही बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

तेव्हाच गाडी उचलून आणायला हवी होती. पण निम्मे पैसे अडकलेले असले की माणूस आशावादी होतो.

मार्चमध्ये केज झाला. वेल्ड सुरेख होते, हे कबूल करायला हवं. रेस सहा आठवड्यांवर होती. गॅरेजमध्ये सीट ठेवली, आमच्यातल्या लंबूला हेल्मेट घालून बसवलं. लंबू सहा फूट दोन इंच. मी घरातल्या मॉपचा दांडा आणला. त्याचं एक टोक सीटमागच्या कमानीवर, दुसरं समोरच्या काचेच्या वरच्या पाइपवर. हेल्मेट या दांड्याच्या खाली राहायला हवं. आम्ही वर दोन इंच मोकळी जागा धरली होती. दांडा कमानीवर टेकलाच नाही, हेल्मेटवर टकटक वाजत राहिला.

कारण? वर्कशॉपवाल्यांनी कमान कापडी टप मिटेल इतकी बुटकी ठेवली होती. तो टप आम्ही सप्टेंबरात कचऱ्यात टाकला होता आणि तसं ईमेलमध्ये लिहिलंही होतं. मी ईमेल उघडून दाखवला. मालकाने तो वाचला आणि म्हणाला, "तुमचा मित्र जरा खाली सरकून बसू शकत नाही का?" नवी कमान हवी तर ९०० डॉलर. आणि वेळ? तीन आठवडे.

त्या रात्री मी कोल्हापूरकराला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मर्दा, कमान वर जात नसली तर जमीन खाली ने की."

मिआटाच्या सीटखालचा पत्रा सपाट नसतो. त्याने उंचवटे कापले, दीड इंच खोल ट्रे बनवून तिथे जोडला आणि सीट सरकपट्ट्यांशिवाय थेट जाड पट्ट्यांवर बोल्टने आवळली. ट्रे खालच्या चॅसीच्या रेषेखाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर ट्रॅकच्या पहिल्याच खडबडीत कडेला तो घासतो. सरकपट्टी गेल्यामुळे बुटका डॉक्टर पेडलपर्यंत पोचेना. त्याच्या पाठीमागे फोमची गादी ठोकली. सीट खाली गेली की खांद्याच्या पट्ट्यांचा कोनही बदलतो. पट्टे खांद्यापासून मागे सरळ किंवा थोडे उतरते जायला हवेत, म्हणून मागची आडवी नळी परत कापावी लागली. दोन शनिवार-रविवार आणि एक भाजलेली मनगटपट्टी, एवढ्यात झालं.

गाडी एसटीसारखी लाल रंगवली आणि पुढे 'सातारा - महाबळेश्वर' पाटी लावली. बंपरला लिंबू-मिरची बांधली होती, ती मात्र तपासणीत "लटकतं काही नको" म्हणून काढायला लावली. मग आम्ही ती बंपरवर रंगवून घेतली.

रेसआधी साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर गाड्यांच्या तपासणीला रांग होती. तपासनीसाने पाइपचं जाडी बघायचं भोक शोधलं, ठोकून वेल्ड पाहिले आणि इंजिन चालू ठेवून किल स्विच (गाडीची सगळी वीज तोडणारा) फिरवायला सांगितलं. इंजिन बंद पडलं. (नुसती बॅटरी तोडली तर इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर इंजिन चालू ठेवतो. जादा टोकांचा स्विच घ्या. आम्हाला हे गॅरेजमध्येच कळलं, नशीब.) मग त्याने त्याची काठी काढली. लंबू आत बसला, श्वास रोखून, जणू त्याने उंची कमी होणार. काठी कमानीवर टेकली, काचेवर टेकली. तपासनीसाने काठी आणि हेल्मेट यांच्यामध्ये तीन बोटं घातली आणि स्टिकर चिकटवलं. कोल्हापूरकर माझ्याकडे बघतही नव्हता, मुद्दाम.

रविवारी दुपारी पुढच्या चाकाचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, गेलं. मिआटात ते जातंच, जादा हब बरोबर न्या. आणि पट्टे सगळ्यात शेवटी विकत घ्या. त्यांच्यावर बनवल्याची तारीख असते आणि मुदत तिथूनच मोजतात. आमचे ऑक्टोबरात घेतलेले, त्यांचे सात महिने रेसआधीच गेले. पाच महिने तर नुसते त्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात.