एकाच टॉवरचं कॅथेड्रल

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे आणि सध्या एका कॉम्प्युटर गेममध्ये कॅथेड्रल बांधतोय. ड्रॅगनचं राज्य, बर्फाचे डोंगर आणि मधोमध हे भलंमोठं देऊळ. "कॅथेड्रल आहे गं, देऊळ नाही," असं तो मला तीनदा तरी म्हणाला असेल. त्याला इतिहाससुद्धा लिहायचा होता, कोणत्या राजानं बांधलं, कधी शापित झालं वगैरे. "मावशी, तू गोव्याला चाललीयेस ना, खरं कॅथेड्रल बघून ये," असं फर्मान निघालं. त्यामुळे या वेळी समुद्र राहिला बाजूला आणि ऐन जुलैच्या पावसात मी पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याची बस पकडली.

मांडवीच्या काठाकाठानं रायबंदरवरून जेमतेम अर्धा तास लागतो. बसमधून उतरलं की एका हाताला बाँ जेझूस चर्चची लालसर, उघड्या जांभ्याची इमारत आणि रस्त्यापलीकडे हिरवळीत पांढरंशुभ्र से कॅथेड्रल. 'से' म्हणजे आसन, आर्चबिशपचं पीठ. पहिला फोटो काढून भाच्याला पाठवला. लगेच उत्तर आलं, "दुसरा टॉवर रेंडर झाला नाही का?"

हसू आलं, पण पोराची नजर बरोबर जागी गेली होती. दर्शनी बाजूला डावीकडे चौकोनी मनोरा आहे आणि उजवीकडे, जिथं त्याचा जोडीदार असायला हवा, तिथं नुसतं आभाळ. उत्तरेकडचा तो मनोरा 1776 साली कोसळला आणि परत कुणी बांधला नाही. बांधणार कोण? तोवर साथीच्या रोगांनी शहर पोखरलं होतं, पोर्तुगीज व्हाइसरॉयनं 1759 मध्येच आपलं बिऱ्हाड पणजीकडे हलवलं होतं. 1843 साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला. ज्या शहराबद्दल 'गोवा पाहिलं त्यानं लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल' असं पोर्तुगीज म्हणत, तिथले वाडे मोडून त्यांचे दगड दुसरीकडे बांधकामाला नेले गेले. उरली ती चर्चं आणि माड.

हे कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या नावाचं आहे, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतलं तो दिवस, 25 नोव्हेंबर 1510, तिच्या सणाचा होता. आताच्या इमारतीचं काम सुरू झालं 1562 मध्ये, राजा दों सेबास्तियांवच्या काळात. राजाच्या मालकीच्या जमिनी विकून आलेला पैसा त्यात ओतला. मूळ बांधकाम संपायला 1619 उजाडलं. म्हणजे पायाचे दगड वाहणाऱ्यांची नातवंडं छपरापर्यंत पोचली असतील. जांभ्याचे चिरे, वर चुन्याचा गिलावा. लांबी अडीचशे फूट, रुंदी 181 फूट, दर्शनी भिंत 115 फूट उंच. मराठी ओव्यांमधून येशूची कथा सांगणारे इंग्रज फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि 1619 मध्येच वारले. त्यांचं अख्खं गोव्यातलं आयुष्य या इमारतीच्या परांचीच्या दिवसांतलं, हे मला तिथं बाकावर बसल्यावर सुचलं आणि उगाच जवळचं वाटलं.

आत शिरल्यावर पहिली जाणवते ती पोकळी. बाहेर पावसाचा ताशा वाजत होता आणि आत तो एकदम लांब गेल्यासारखा झाला. छत कमानदार, उंच. दोन्ही बाजूंना चार-चार चॅपेल. आणि समोर, पार टोकाला, सोन्याचा मुलामा दिलेली वेदी. जवळ जाईपर्यंत ती नुसती चमक असते. जवळ गेल्यावर कोरलेली चित्रं सुटी होतात. सहा मोठ्या पट्टांवर कॅथरीनची गोष्ट. सम्राटाच्या पंडितांना वादात हरवणारी ही मुलगी. तिला काटेरी चाकावर मारायचं ठरलं तर चाकच मोडलं, मग शिरच्छेद. एवढी क्रूर कथा, आणि वर इतकं सोनं, की माणसाला घाबरावं की हरखावं कळत नाही. माझ्या शेजारी पुण्याकडचं एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या आजी दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "देवीच आहे की." वादाचा प्रश्नच नव्हता.

एका चॅपेलमध्ये चमत्काराचा क्रूस आहे. 1619 साली एका टेकडीवर त्याच्यावर ख्रिस्ताचं दर्शन झालं म्हणतात, आणि तो वाढतो अशीही श्रद्धा आहे. आपल्याकडे कुठली कुठली पिंड दरवर्षी तिळातिळानं वाढते, त्यातलाच प्रकार. पुढचा लाकडी कोरीव जाळीचा पडदा मात्र मी क्रुसापेक्षा जास्त वेळ पाहिला. वेलबुट्टी इतकी ओळखीची वाटते की हा हात लिस्बनचा नसावा, इथलाच असावा, असं माझं मत. दाराजवळच्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडातून संत झेवियरनं लोकांना बाप्तिस्मा दिला असं सांगतात.

पण मी आले होते घंटेसाठी. माझं आजोळ पंचवटीत, नाशिकला. गोदावरीला पूर आला की तिथं दोन प्रश्न विचारतात: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, आणि नारोशंकराच्या घंटेला लागलं का? ती घंटा पोर्तुगीज, 1721 सालची. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळोदेवळी गेल्या, त्यातली ही एक. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच देवळांच्या घंटांवर क्रूस असतो.

सेच्या उभ्या राहिलेल्या मनोऱ्यात टांगलेली ती 'सोन्याची घंटा'. सोनं त्यात नाही, नाव पडलं ते तिच्या नादामुळे. गोव्यातली सगळ्यांत मोठी. मनोऱ्यावर चढू देत नाहीत, तेव्हा खाली हिरवळीवर छत्री धरून, मान मोडेपर्यंत वर बघत उभी राहिले.

तिच्या नादाला दुसरीही बाजू आहे. कॅथेड्रलच्या चौकाच्या एका अंगाला इन्क्विझिशनचा वाडा होता, लोक त्याला 'व्हडलें घर' म्हणत. 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथं धर्मन्यायालय चाललं. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य त्यात सापडला होता. त्यानं 1676 च्या जानेवारीतल्या शिक्षेच्या मिरवणुकीचं वर्णन लिहून ठेवलंय: सूर्य उगवायच्या आधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली, ती लोकांना जमण्याची खूण. मग कैद्यांना अनवाणी शहरभर फिरवलं आणि रस्त्यावरच्या बारीक खड्यांनी त्याचे पाय सोलवटले. आज त्या वाड्याचा मागमूस नाही. त्या बाजूला एक जोडपं ओल्या गवतावर सेल्फी काढत होतं. भाच्याच्या शापित राज्याला याहून जास्त मसाला लागणार नव्हता, पण हे त्याला लगेच सांगावंसं वाटलं नाही.

बाँ जेझूसमध्ये गर्दी होती, लवकर बाहेर पडले. संत झेवियरचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे बघताना मराठी माणसाला 1683 आठवतंच. संभाजी महाराज जवळच्या जुवे बेटापर्यंत येऊन धडकले तेव्हा व्हाइसरॉय आल्व्होरनं आपला राजदंड या संतापुढे ठेवून 'आता तूच सांभाळ' म्हटलं होतं. दारात मेणाचे हात, पाय, डोकी विकायला होती. जो अवयव दुखतो तो वाहायचा. बाईनं विचारलं, "किदें जाय?" मी मान सांगितली. तेवढी नव्हती तिच्याकडे.

शेवटी टेकडीवरच्या संत ऑगस्टीनच्या अवशेषांकडे चढून गेले. 1602 सालचा मनोरा, त्याची अर्धी फाक 46 मीटर उंच अजून उभी आहे. 1835 मध्ये मठ रिकामा झाला, 1842 मध्ये छत खाली आलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग. चिऱ्यांच्या फटींतून शेवाळ, नेचे, आणि सतत ठिबकणारं पाणी. सेचा मनोरा पडला ती जागा साफसूफ केलेली आहे. इथं पडणं अजून चालूच असल्यासारखं वाटतं. मला हेच जास्त आवडलं.

या ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि 1871 पासून पणजीच्या त्या पांढऱ्या, जिन्याजिन्यांच्या चर्चच्या माथ्यावर आहे. संध्याकाळी बसमधून उतरून मी त्या जिन्यांखाली भज्यांचा पुडा घेऊन उभी होते, तेव्हा ती वाजली. गडबडीत तेलकट हातांनीच फोन काढला आणि रेकॉर्ड केलं. निम्मा पाऊस, एका स्कूटरचा हॉर्न, आणि मागून तो खोल, जरा घोगरा टोल.

भाच्याला पाठवलं. थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला, "ही कुठल्या टॉवरची?"

"पडलेल्या," मी लिहिलं. मग त्याचा गोंधळ होईल म्हणून पुढे, "तो नाही. दुसरा."