फिट तर मस्त आलंय, पण अणू नक्की कुठेयत? – माझा अनुभव

माझ्या पीएचडीचं मटेरियल म्हणजे बेरियम टायटनेट, सिरॅमिक कपॅसिटरमध्ये असतं तेच, फक्त मी त्यातल्या ३२ टक्के टायटॅनियमच्या जागी झिर्कोनियम घातलंय. साधारण २५ टक्क्यांच्या पुढे गेलं की हे रिलॅक्सर होतं, म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटचा (वीज साठवण्याच्या क्षमतेचा) तापमानासोबत येणारा पीक टोकदार न राहता पसरतो आणि फ्रिक्वेन्सी बदलली की सरकतो. आतमध्ये काहीतरी गडबड आहे हे यावरून उघड दिसतं, पण एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन, अणूंची रचना सांगणारा पॅटर्न) काढा, एकदम शहाणं बाळ! साधा क्युबिक पेरोव्स्काइट (घनाच्या कोपऱ्यांवर बेरियम, मधोमध टायटॅनियम किंवा झिर्कोनियम, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन), सगळे पीक जागेवर, एकही फुटलेला नाही.

आधी सॅम्पलबद्दल सांगतो कारण इथेच बरेच जण घाई करतात. बेरियम कार्बोनेट, टायटॅनिया, झिर्कोनिया अगेट मॉर्टरमध्ये घोटायचं, १३०० डिग्रीच्या वर भाजायचं, परत घोटायचं, परत भाजायचं. झिर्कोनियम नीट मिसळलं नाही तर एका कणात जास्त, दुसऱ्यात कमी, आणि मग जो डिसऑर्डर तुम्ही पुढे मोजणार तो अणूंचा नसून तुमच्या घोटण्याचा असतो. २४ डिग्रीजवळ कार्बोनेटचा बारीकसा पीक उरलाय का आणि मोठ्या अँगलचे पीक उगाच रुंद झालेत का, हे दोन्ही बघितल्याशिवाय माझ्या गाईड मॅडम पुढे जाऊच देत नाहीत.

मग रिट्वेल्ड, म्हणजे रचनेचं मॉडेल पूर्ण पॅटर्नवर बसवून बघणं. फिट सुंदर, सेल (रचनेतला पुन्हा पुन्हा येणारा घन) ४.०७ अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे मधल्या अणूपासून सहाही ऑक्सिजन २.०३ वर. फक्त थर्मल पॅरामीटर (अणू जागेवर किती थरथरतो त्याचे आकडे) जरा जास्त येत होते आणि थंड केलं तरी म्हणावे तसे कमी होत नव्हते. मॅडमनी प्रिंटआउटवर त्याच आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि विचारलं, "हा काय म्हणतोय?" तर तो असं म्हणतोय की अणू नुसता थरथरत नाहीये, वेगवेगळ्या सेलमध्ये वेगवेगळ्या बाजूला सरकून बसलाय. ब्रॅग पीक (पॅटर्नमधले हेच टोकदार पीक) फक्त सरासरी सांगतात, आणि अर्धा आठवडा पुण्यात, अर्धा मुंबईत राहणाऱ्या माणसाचा सरासरी पत्ता लोणावळा निघतो, तिथे जाऊन बेल वाजवून उपयोग नाही.

ही भानगड जुनीच आहे. १९६८ मध्ये कोमेस, लांबेर आणि गिनिए या फ्रेंच मंडळींनी साध्या बेरियम टायटनेटच्या एक्स-रे फोटोंमध्ये ब्रॅग ठिपक्यांच्या मधल्या जागेतल्या अंधुक रेघा बघून मांडलं होतं की टायटॅनियम सेलच्या मधोमध नसतोच, कर्णांच्या दिशेने असलेल्या आठ जागांपैकी एकीवर असतो. तेव्हा तीन ऑक्सिजन जवळ, १.९ च्या आसपास, आणि तीन लांब, २.१ च्या आसपास. झिर्कोनियम मात्र मोठा, तो मध्यावरच राहतो आणि ऑक्सिजन त्याच्यापासून साधारण २.१ वर.

हे बघायचं तर पीडीएफ करावं लागतं (फाइलवाली नाही, पेअर डिस्ट्रिब्युशन फंक्शन), म्हणजे ब्रॅग पीक आणि त्यांच्याखालचा डिफ्युज (पसरट, अंधुक) भाग दोन्ही मोजून त्यावरून दोन अणूंमधल्या अंतरांचा आलेख काढायचा. डिपार्टमेंटच्या कॉपरवाल्या एक्स-रे मशीनवर हे होणार नाही, तिथे क्यू (कोन आणि तरंगलांबीवरून येणारा आकडा, जितका मोठा तितकी जवळची अंतरं सुटी दिसतात) जेमतेम ८ पर्यंत जातो, १.९ आणि २.१ वेगळे दिसायला त्याच्या कितीतरी पुढे जावं लागतं. म्हणून न्यूट्रॉन, म्हणून इंग्लंडमधल्या डिडकॉटजवळच्या आयसिस सेंटरला प्रपोजल, आणि पोलॅरिस नावाच्या इन्स्ट्रुमेंटवर बीमटाइम (मोजमापासाठी मिळालेला वेळ).

आता ३२ टक्केच का? ही या सगळ्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. न्यूट्रॉनला टायटॅनियम निगेटिव्ह दिसतो, स्कॅटरिंग लेंग्थ (अणू न्यूट्रॉनला किती जोरात विखुरतो त्याचं माप) −३.४४ फेम्टोमीटर, आणि झिर्कोनियम +७.१६. आता ६८ गुणिले ३.४४ करा, २३४. आणि ३२ गुणिले ७.१६, २२९. जवळपास कटाप! म्हणजे न्यूट्रॉनच्या ब्रॅग पीकसाठी सेलच्या मध्ये कुणी नाहीच, जागा रिकामी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मॅडम चेष्टा करतायत, ज्या जागेचा अभ्यास करायचा तीच गायब करून ठेवायची? पण पीडीएफमध्ये याचा अर्थ असा होतो की टायटॅनियम आणि झिर्कोनियम दोघांभोवतीचे ऑक्सिजन सारख्याच अंतरावर असते तर २ अँगस्ट्रॉमजवळ काहीच दिसायला नको, सपाट रेघ. जे काही उरेल तो निव्वळ दोघांच्या वागण्यातला फरक.

बीमटाइमबद्दल फार सांगण्यासारखं नाही, झोप होत नाही आणि कॅन्टीन बंद झालेलं असतं. पावडर व्हॅनेडियमच्या डबीत भरायची (व्हॅनेडियम न्यूट्रॉनला ब्रॅग पीक जवळपास देतच नाही म्हणून), उंची आणि वजन नीट लिहून ठेवायचं, आणि सॅम्पलइतकाच वेळ रिकाम्या डबीला आणि रिकाम्या इन्स्ट्रुमेंटला द्यायचा. शेवटच्या रात्री अजून एक तापमान मोजावं असा मोह होतो. नका करू, बॅकग्राउंड कमी पडला तर ते जास्तीचं तापमान नुसतं फोल्डरमध्ये पडून राहतं.

खरी मजा परत आल्यावर, गुद्रुन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. डबी वजा करा, अॅब्सॉर्प्शन करेक्शन करा, मग बघा की मोठ्या क्यूला स्कॅटरिंगचा वक्र नीट एकवर बसतोय का. दुसरी टेस्ट मला जास्त पटते: या मटेरियलमध्ये कुठलेच दोन अणू दीड अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ नसतात, मग त्याच्या डावीकडे जे काही हलतंय ते सगळं खोटं, आणि ते जेवढं उंच, साधारण तेवढाच अविश्वास उजवीकडच्या पीकवर ठेवायचा. आलेख काढला तर १.९ जवळ एक खळगा, लगेच पुढे २.१ कडे उंचवटा. खळगा निगेटिव्ह टायटॅनियमचा, उंचवटा झिर्कोनियमचा. मॅडम लगेच म्हणाल्या, "रिपल असेल, क्यूमॅक्स बदलून बघ." म्हणजे डेटा ठरावीक क्यूला कापल्यामुळे येणारी खोटी लाट. ३० ला कापलं, ३५ ला, ४० ला. बाकीच्या लाटा सरकल्या, खळगा हलला नाही.

त्यानंतर रिव्हर्स माँटे कार्लो. १२ गुणिले १२ गुणिले १२ सेलचा बॉक्स, ८६४० अणू, कॉम्प्युटर त्यांना थोडं थोडं हलवत, टायटॅनियम-झिर्कोनियमची अदलाबदल करत डेटाशी जुळवत जातो. यातून रंगीत चित्रं इतकी झकास येतात की थेट थीसिसच्या कव्हरवर टाकावीशी वाटतात, पण हा प्रोग्रॅम डेटाला चालेल तेवढा जास्तीत जास्त डिसऑर्डर घालतो हे लक्षात ठेवावं लागतं. म्हणून वेगवेगळ्या सुरुवातींपासून रन लावले आणि प्रत्येक वेळी जे आलं तेवढंच खरं मानलं: टायटॅनियम कर्णाच्या दिशेने सरकलेला, झिर्कोनियम मध्याजवळ. टायटॅनियमचे सेल एकमेकांशेजारी घोळक्याने बसतात का, यावर मात्र प्रत्येक रनचं उत्तर वेगळं. याचं कारणही दिसतं: २.१ वर टायटॅनियमचे लांबचे ऑक्सिजन आणि झिर्कोनियमचे ऑक्सिजन एकावर एक येऊन एकमेकांना खातात, मग झिर्कोनियमचा उंचवटा खरा केवढा हे एकट्या न्यूट्रॉनमधून सुटं होतच नाही.

आता इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनच्या बीएल-०९ बीमलाइनवर एक्झाफ्स (एकाच प्रकारच्या अणूभोवतीची अंतरं सांगणारं एक्स-रे मोजमाप) करायचंय, झिर्कोनियमच्या १८ केईव्हीच्या एजवर (ज्या ऊर्जेला तो एक्स-रे एकदम जास्त शोषतो), म्हणजे निदान एका अणूच्या शेजाऱ्यांची वेगळी साक्ष मिळेल आणि सगळा डेटा एकाच बॉक्समध्ये टाकता येईल. प्रपोजल गेलंय. तोपर्यंत पेलेट घासून तेवढी बारीक पावडर करत बसलोय.