होम लोन संपलं, मग आता काय?

बँकेतून घराचे ओरिजिनल पेपर परत आले तेव्हा बायको म्हणाली चला, एक टेन्शन गेलं. आणि खरंच, वर्षभरात बाकीचंही उरकलं, पोरगी नोकरीला लागली, मी व्हीआरएस घेतली, एव्हरेस्ट बेस कॅम्प करायचा होता तोही झाला, म्हणजे चाळिशीत डायरीत जे जे लिहून ठेवलं होतं ते सगळं झालं. आणि मग सकाळी उठून करायचं काय? दुःख वगैरे नाही हां, तब्येत बरीये, पेन्शन येतेय, पण आतून सगळं सपाट. मित्रांजवळ बोललो तर एकाने जगण्याचं कारण शोधायचं ते चार वर्तुळांचं, जपानी इकिगाईवालं चित्र फॉरवर्ड केलं, दुसरा म्हणाला आता कैलास मानसरोवर कर. म्हणजे एक लिस्ट संपली की दुसरी काढा! मला तरी ते काही पटलं नाही.

बेस कॅम्पला जाताना हवेची सवय व्हावी म्हणून वाटेतल्या नामचे गावात एक दिवस जास्त थांबतात, तेव्हा बरेच ग्रुप वरच्या खुमजुंग गावात चक्कर मारतात. तिथे एव्हरेस्टवाल्या एडमंड हिलरीने बांधलेली शाळा आहे. आम्हीही फोटो काढला आणि चहा प्यायला पळालो. घरी आल्यावर, रिकामा वेळ होताच, त्याच्याबद्दल वाचत बसलो.

२९ मे १९५३, हा माणूस ३३ वर्षांचा, तेनझिंगबरोबर एव्हरेस्टच्या माथ्यावर. आता याच्या वर कुठे जाणार, जागाच नाही. तसा तोही लगेच शांत बसला नाही, १९५८ च्या सुरुवातीला ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला (खरंच, शेतातले ट्रॅक्टर!). पण पुढची चाळीसेक वर्षं त्याला पुरलं ते काम वेगळंच होतं. ज्या शेर्पांनी मोहिमांचं सामान वाहिलं त्यांच्यासाठी काय करता येईल हे त्याने त्यांनाच विचारलं, तर त्यांना पोरांसाठी शाळा हवी होती. १९६१ मध्ये खुमजुंगची शाळा झाली, १९६६ मध्ये शेजारच्या खुंदेला हॉस्पिटल. बांधकामाचं सामान आणायला विमान उतरलं पाहिजे म्हणून १९६४ मध्ये लुक्लाची धावपट्टी, आणि तिची माती दाबायला रोलर कुठला, शेर्पांना त्यावर नाचायला लावलं. बेस कॅम्पला जाताना आज आपण जीव मुठीत धरून उतरतो ती हीच. १९७५ मध्ये त्याची बायको आणि मुलगी काठमांडूजवळ विमान पडून गेल्या, त्या त्याच्याकडेच निघाल्या होत्या, तो फाफलूला हॉस्पिटल बांधत होता. माणूस पार कोसळला. पण हॉस्पिटल पूर्ण झालं आणि पुढचं कामही थांबलं नाही. शिखरापेक्षा या शाळा-दवाखान्यांचं समाधान जास्त आहे असं तो म्हातारपणी सांगायचा.

मला त्यात काय भिडलं तर, हा जीवनाचा अर्थ वगैरे शोधत कुठे बसला नाही, आपण वर चढलो तेव्हा ओझं कोणाच्या पाठीवर होतं एवढंच त्याने वळून बघितलं.

माझं ओझं कोणी उचललं? आम्ही दोघं ऑफिसला असताना पोरीला गरम जेवायला घालणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशींनी, दुसरं कोण. त्याच एकदा पासबुक घेऊन आल्या, "दादा, माझे वीस रुपये कोणी कापले?" तो अपघात विम्याचा हप्ता होता, पीएम सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं कव्हर. खातं उघडताना कोणीतरी सही घेतली असणार, विमा आहे हे घरात कोणालाच माहीत नाही, आणि नॉमिनीचा रकाना कोरा. उद्या काही झालं असतं तर पोरं नुसती खेटे घालत बसली असती. मी आयुष्यभर बँकेत हेच केलंय, मला यात दहा मिनिटं लागतात.

आता रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबल टाकून बसतो. वॉचमन, मावशी, इस्त्रीवाला, कोणीही या, नॉमिनी, केवायसी, मेअखेरीला खात्यात हप्त्यापुरते पैसे आहेत का ते बघायचं. समाजसेवा वगैरे मोठे शब्द नकोत, शनिवारी रात्री नीट झोप लागते हा माझा फायदा. सोसायटीच्या कमिटीने टेबलाला परवानगी लागेल म्हणून अर्ज मागितलाय, तो देणारे. बायको विचारते हे किती दिवस चालणार, तर मी म्हणलं पुढच्या रविवारी मागच्या बिल्डिंगवाले येणारेत, तेवढं तर होऊ दे.