तुम्ही विचारलंत म्हणून: गवतातला ढेकूण गादीत होतो का?

सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला फिरायला जाते, गवतातल्या किड्यांचे फोटो काढते आणि स्टेटसला टाकते, त्यामुळे हा प्रश्न येतोच, की ताई, तुम्ही याला ढेकूण म्हणता, मग कपड्यांना चिकटून तो घरात आला तर?

आला तरी गादीत होणार नाही, तो रक्त पीत नाही, झाडाचा रस पितो. घोळ नावाचा आहे. आपल्याकडे गादीतला ढेकूण, कपाशीवरचा लाल ढेकण्या, आणि द्राक्षवाल्यांच्या मिलीबगला तर पिठ्या ढेकूण! पण ही चूक फक्त आपली नाही हं. 1758 मध्ये लिनियस या सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या शास्त्रज्ञानेही गादीतला ढेकूण आणि युरोपातल्या कुरणांवरचा गवती ढेकूण एकाच सायमेक्स वंशात घातले होते, सोंड तशीच सुईसारखी ना. गवतातला तो सायमेक्स डोलाब्रॅटस, आज लेप्टोप्टर्ना डोलाब्रॅटा. आता तो मिरिडी कुळात आहे, दहा हजारांहून जास्त जाती असलेल्या, आणि गादीतला सिमिसिडी कुळात. नातं आहे, पण लांबचं.

मला या लेप्टोप्टर्नाचं फार कौतुक आहे. सेंटीमीटरभरही नसतो, तिकडून उत्तर अमेरिकेतही पोचला, आणि गंमत म्हणजे बहुतेक माद्यांचे पंख आखूड, उडताच येत नाही, नर मात्र लांब पंखांचे. मादी गवताच्या काडीत अंडी घालते, अख्खा हिवाळा ती तिथेच असतात, वसंतात पिल्लं बाहेर पडतात, पाच अवस्था पार करून उन्हाळ्यात मोठी होतात आणि गवताचे तुरे, कोवळं बी शोषतात. वर्षात एकच पिढी.

तो आपल्या इथला नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत. मागच्या श्रावणात बांधावरच्या गवताच्या तुऱ्यावर एक हिरवा मिरिड बसला होता, भिंग लावलं तर पंखाच्या टोकाशी छोटा त्रिकोण, आणि तिथून पुढचा पातळ भाग खाली मोडलेला, इस्त्रीची घडी घातल्यासारखा. ही घडी दिसली की मिरिड ओळखायचा, मला तरी सगळ्यात सोपी खूण हीच वाटते.

तर बाहीवर बसलाच तर चिमटीत धरू नका, पाय लगेच तुटतात बिचाऱ्याचे. गवताची काडी पुढे करा, चढतो.