आमची वाटचाल : मोकळी चित्रं

गिरगावातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही हक्काची मुदत संपलेली, म्हणजे मोकळी झालेली जुनी चित्रं दुरुस्त करून छापतो आणि विकतो. आलेलं गिऱ्हाईक एकदा तरी विचारतंच, "चित्रावर कुणाचा हक्क नाही, मग पैसे कसले घेता?" प्रश्न रास्त आहे. आम्ही पैसे घेतो ते कागदाचे, शाईचे आणि एकेका चित्रावर घालवलेल्या तीन-चार दिवसांचे.

२०१८ मध्ये एका प्रिंटरवर सुरुवात केली. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा धंद्यासाठीही खुल्या केल्या होत्या. आमचा जीव मात्र इथल्याच चित्रांत. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हा एकेका रंगाच्या छपाईला वेगळा दगड लागे. छापताना एखादा रंग केसभर सरकायचा. वाळवीची भोकं, घडीच्या रेघा आम्ही काढतो. ती सरक तशीच ठेवतो. ती त्या कारागिरांच्या हाताची खूण आहे. प्रतिमा लहान असेल, तर चित्र कितीही लाडकं असो, मोठं करून छापत नाही.

पहिल्याच दिवाळीत चुकलो. चोर बाजारात एक जुनं कॅलेंडर मिळालं. कागद पिवळा पडलेला, म्हणून चित्र मोकळंच असणार असं धरून तीस प्रती काढल्या. मग कळलं, चित्रकार जाऊन साठ वर्षं झालेलीच नाहीत! आपल्याकडे चित्रकार गेला त्याच्या पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं मोजतात. कागदाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. बायकोने तीसही प्रती फाडल्या आणि त्याच दिवशी वही घातली : चित्रकार, मृत्यूचं साल, मोकळं होण्याची तारीख. चित्रकार धुरंधर १९४४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं १ जानेवारी २००५ पासून मोकळी. त्यांच्या पोस्टकार्डांवरची मुंबईची माणसं आमच्याकडे सर्वात जास्त खपतात. प्रत्येक प्रतीच्या मागे चित्रकाराचं नाव आणि सालं असतात. नाव गाळून विकणं आम्हाला जमणार नाही.

दादरच्या एक आजी दरवर्षी चित्रकार हळदणकरांचं समईवाल्या बाईचं चित्र मागायला येतात. हळदणकर १९६८ मध्ये गेले. आजींचं नाव वहीत १ जानेवारी २०२९ च्या पानावर लिहिलं आहे. त्या पानावर आता चौदा नावं झाली आहेत.