घरचा भूकंपमापक: पुण्याचं यंत्र लागलं, आता सातारा

जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर विजेत बदलणारा सेन्सर, उभा (फक्त वर-खाली हलणं मोजणारा), ४.५ हर्ट्‌झचा, मीटर प्रति सेकंदाला २८.८ व्होल्ट देणारा. त्यामागची, व्होल्टेजचे आकडे करणारी १६ बिटांची एडीएस१११५ चिप काढून २४ बिटांची एडीएस१२५६ जोडली आहे. जुन्या चिपची सगळ्यात लहान पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची, जमीन सेकंदाला ०.२७ मायक्रोमीटरहून हळू हलली की रेघ सपाटच. कोयनेचे बारके धक्के तिथेच हरवतात.

जागा तळमजल्यावरच्या पार्किंगचा कोपरा. आधी फरशी ठोकून बघावी. पोकळ वाजली तर ती फरशीच थरथरणार, जमिनीचं काही कळणार नाही. खालचा खिळा काढून जिओफोन प्लास्टर ऑफ पॅरिसवर बसवला, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणून. फार कलला तर आतलं वजन अडकतं.

सेकंदाला १०० नमुने. पाण्याच्या मोटारीची रेघ ४८ हर्ट्‌झजवळ येते, ती १ ते १० हर्ट्‌झच्या फिल्टरने जाते. गतिरोधकावरून उतरणारी बस मात्र याच पट्ट्यात येते, म्हणून रात्री १ ते ४ च्या नोंदीच खऱ्या कामाच्या.

आता मुख्य गोष्ट. धक्क्यातून आधी पोचणारी पी लहर सेकंदाला साधारण ६ किमी जाते, मागून येणारी एस लहर ३.५. दोन्ही पोचण्यातल्या सेकंदांना ८.४ ने गुणलं की धक्क्याचं अंतर येतं. कोयनानगर पुण्याहून सरळ रेषेत १२५ किमी, म्हणजे फरक १५ सेकंदांचा. किल्लारीचा ३५ च्या आसपास. पण एकट्या यंत्राला फक्त वर्तुळ मिळतं, आणि १२५ किमीचं वर्तुळ मुंबईजवळूनही जातं! एका उभ्या जिओफोनला दिशा कळत नाही. कोयनेच्या १९६७ च्या ११ डिसेंबरसारखा धक्का आला तरी हा पेच सुटणार नाही.

म्हणून दुसरं यंत्र साताऱ्याला. कोयनेचा धक्का तिथे ५ सेकंदांचा फरक दाखवेल, मुंबईकडचा २३ चा. वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात, तेव्हा तिसरं यंत्र लागेलच, आणि धक्का जमिनीत किती खोल झाला हे हवं असेल तर एखादं कोयनेच्या अगदी जवळ.

घड्याळ जुळणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन यंत्रांत १ सेकंदाची चूक म्हणजे पी लहरीच्या हिशेबात ६ किमी. इंटरनेटवरून घेतलेली वेळ वीज गेल्यावर सरकते, म्हणून जीपीएसचा सेकंदाचा ठोका थेट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला दिला आहे. स्लॅबखाली अँटेनाला उपग्रह दिसेनात. ५ मीटर केबल टाकून ती कंपाउंडच्या भिंतीवर नेली. साताऱ्याच्या संचासाठी तशीच केबल आधीच घेऊन ठेवली आहे.